ट्रॅक्टर इंजिनातील वॉटर पंप : बिघाडाचे निदान व दुरुस्ती

बीड जिल्ह्यातील ऊसतोड टोळ्यांना मजुरी टनावर मिळते. त्यामुळे वाहतुकीचा ट्रॅक्टर थांबला की टोळीची कमाईही थांबते. वॉटर पंप बिघडल्यास पाण्याचे अभिसरण मंदावून इंजिन तापते व हेड वाकण्याचा धोका निर्माण होतो.

पंपाच्या खालील बारीक छिद्रातून पाणी ठिबकत असल्यास सील निकामी झाले, असे समजावे. बंद इंजिनाची पुली हाताने हलविल्यावर जाणवणारी ढिलाई बेअरिंगची झीज दर्शविते. गळती वा ढिलाई नसल्यास पंप खोलण्यापूर्वी पट्ट्याचा ताण, थर्मोस्टॅट व रेडिएटर तपासावेत.

गळक्या पाण्याने बेअरिंगमधील ग्रीस धुऊन जाते. म्हणून सीलबरोबर बेअरिंगही बदलणे हितावह ठरते. बोअरच्या क्षारयुक्त पाण्याऐवजी कूलंट वापरल्यास बिघाडाची पुनरावृत्ती टळू शकते.