'सगळेच घेतात' हा समज

महाराष्ट्रात मद्यपान हा कायद्याच्या दृष्टीने आजही अपवाद आहे. 1949 चा मुंबई दारूबंदी अधिनियम आता महाराष्ट्राच्या नावाने लागू असला, तरी तो मुळात बंदीचाच कायदा आहे; मद्य विकत घेण्यासाठी, बाळगण्यासाठी आणि पिण्यासाठी तो परवाना मागतो, आणि सौम्य बिअर व वाइनसाठी 21 वर्षे, तर तीव्र मद्यासाठी 25 वर्षे पूर्ण असण्याची अट घालतो. शेजारच्या गोव्यात ही मर्यादा 18 वर्षांची आहे. परंतु पाच रुपयांत मिळणारा एक दिवसाचा परवाना काढून मगच पेला हाती धरणारा प्रौढ विरळा, आणि घरातील चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा हे रोज पाहत असतो. त्यामुळे वयाची अट त्याला आपल्या आरोग्यासाठी केलेली तरतूद न वाटता मोठ्यांनी स्वतःपुरती राखून ठेवलेली सवलत वाटू लागते.

मुलाच्या या समजामागे मोठ्यांची मद्याकडे पाहण्याची दृष्टी असते. एखाद्या गोष्टीविषयीचे मत, तिच्याविषयीची भावना आणि तिच्याबाबत वागण्याची तयारी या तिन्हींना मिळून मानसशास्त्रात अभिवृत्ती म्हणतात. मद्याविषयीची मराठी मध्यमवर्गाची अभिवृत्ती गेल्या शतकभरात पुष्कळ पालटली. 1919 साली रंगभूमीवर आलेल्या राम गणेश गडकरींच्या 'एकच प्याला'मध्ये बुद्धिमान वकील सुधाकराचा संसार दारूपायी धुळीस मिळतो, आणि त्या काळच्या प्रेक्षकाला त्यात स्वतःच्या वर्गावरचे संकट दिसत होते. आज त्याच वर्गात 'आज बसू या' हे निमंत्रण उघडपणे दिले जाते, पेला हे सुबत्तेचे लक्षण ठरते, आणि दारुडा हा शब्द मात्र देशी पिणाऱ्या मजुरासाठी शिल्लक राहतो. हा भेद अन्यायाचा आहे, कारण यकृताला बाटलीवरची किंमत कळत नाही. ज्यांच्या घरात दारूची झळ थेट पोहोचते त्या स्त्रियांनी असा भेद कधी मानला नाही. गावातील किंवा प्रभागातील निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी मतदानात दारूबंदीचे चिन्ह असलेल्या आडव्या बाटलीला कौल दिला, तर तेथील दारूचे दुकान बंद करावे लागते, ही तरतूद त्यांच्याच रेट्यातून आली आहे.

'हल्ली सगळेच घेतात' हे वाक्य प्रौढ आणि किशोर दोघांच्याही तोंडी असते. ते खरे नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार पंधरा वर्षांवरील पुरुषांपैकी मद्य घेणाऱ्यांचे प्रमाण देशात सुमारे 19 टक्के आणि महाराष्ट्रात सुमारे 14 टक्के होते. स्त्रियांमध्ये ते राज्यात एक टक्क्याहूनही कमी होते. लोक आपले पिणे कमी करून सांगतात हे गृहीत धरले, तरीही न पिणाऱ्यांचीच बहुसंख्या उरते. अमेरिकेतील प्रिन्स्टन विद्यापीठात डेबोरा प्रेंटिस आणि डेल मिलर यांनी 1993 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की, विद्यार्थी मनातून पिण्याच्या प्रथेबद्दल साशंक असत, पण इतरांना ती पूर्णपणे मान्य आहे असे समजत. प्रत्येकाने आपली शंका लपवल्यामुळे सर्वांचाच होणारा हा गैरसमज सामूहिक अज्ञान म्हणून ओळखला जातो. कॉलेजच्या पहिल्या वर्षात थर्टी फर्स्टच्या रात्री ग्लास पुढे येतो, तेव्हा नको म्हणणारा मुलगा स्वतःला एकटा समजतो तो यामुळेच.

'बिअर म्हणजे दारू नव्हे' हा दुसरा समज तर साध्या हिशेबाने खोडता येतो. 30 मिलिलिटरच्या एका लहान पेग व्हिस्कीत सुमारे 10 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असते. 650 मिलिलिटरच्या, पाच टक्के तीव्रतेच्या बिअरच्या बाटलीत ते सुमारे 26 ग्रॅम, आणि आठ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरमध्ये सुमारे 41 ग्रॅम भरते. म्हणजे 'फक्त एक बिअर' घेणारा मुलगा अडीच ते चार पेग रिचवत असतो. परिणामांचा विचार करून स्वतःला आवरणारा मेंदूचा पुढचा भाग विशीच्या मध्यापर्यंत परिपक्व होत असतो, त्यामुळे अल्कोहोलचा हा भार किशोरवयीन मुलावर अधिक पडतो. पंधराव्या वर्षाआधी पिऊ लागलेल्यांत पुढे व्यसनाधीनता येण्याचे प्रमाण एकविशीनंतर सुरुवात करणाऱ्यांच्या सुमारे चौपट असल्याचे 1997 च्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात दिसले. त्यात घरच्या परिस्थितीचाही वाटा असू शकतो, पण सुरुवात लांबवण्याचे महत्त्व त्याने कमी होत नाही.

ही सुरुवात लांबवणे बऱ्याच अंशी मोठ्यांच्या हातात आहे, आणि त्यासाठी उपदेशापेक्षा रोजच्या वागण्यातला बदल अधिक उपयोगी पडेल. घरी बैठक जमली की सोडा, बर्फ आणि चकणा आणायला मुलाला दुकानात पिटाळण्याची रीत अनेक घरांत आहे. पालकांनी निदान ती तरी आजपासून बंद करावी.