हवेत तरंगणारी नोट आणि दिसेनासा धागा

जवळून दाखवायच्या जादूत, म्हणजे प्रेक्षक हातभर अंतरावर बसलेला असताना करायच्या प्रयोगांत, अदृश्य धाग्याला मानाचे स्थान आहे. टेबलावरची काडी आपोआप सरकते, पत्त्यांच्या कॅटमधून हवे ते पान हळूच बाहेर येते, दहाची नोट दोन तळहातांच्या मध्ये तरंगते. या साऱ्यामागे बहुतेक वेळा केसाहून बारीक आणि रबरासारखा ताणला जाणारा एकच धागा असतो.

उत्तर नागपुरातल्या जरीपटक्याच्या बाजारात लेगिंग किंवा स्ट्रेच जीन्स दाखवताना दुकानदार ज्याला ‘लायक्रा’ म्हणतो, तेच या धाग्याचे कूळ. हा तंतू 1958 मध्ये अमेरिकेतील ड्यूपाँ कंपनीत जोसेफ शिव्हर्स या रसायनतज्ज्ञाने तयार केला. तो मूळ लांबीच्या पाच-सहा पट ताणला जातो आणि सोडला की पूर्ववत होतो. त्याआधी जादूगार माणसाचा केस, रेशमाचा तंतू किंवा उलगडलेल्या नायलॉनचा एक पदर वापरत. ते धागे ताणले जात नसल्याने एक टोक कुठेतरी पक्के बांधावे लागे आणि हालचालीला मर्यादा येत. ताणाच्या धाग्याने ही अडचण दूर केली. यिगल मेसिका या जादूगाराने ‘लूप्स’ नावाने विकायला आणलेले धाग्याचे वेटोळे मनगटात घातले की जादूगार तयार असतो. दोन्ही हातांमध्ये ते ताणायचे आणि नोट त्यात अडकवायची किंवा मेणाच्या कणाने चिकटवायची. नोटेचे वजन ग्रॅमभरच असल्यामुळे धागा तो भार सहज पेलतो. शंकेखोर प्रेक्षकाने नोटेच्या वरून हात फिरवला तरी काही लागत नाही, कारण वस्तू वरून टांगलेली नसून आडव्या धाग्यावर असते.

हा धागा दिसत का नाही? ‘फार बारीक म्हणून’ हे उत्तर अपुरे आहे. 9000 मीटरचे वजन 20 ग्रॅम, म्हणजे 20 डेनियरचा तंतू घेतला, तर त्याची जाडी सुमारे 0.05 मिलिमीटर भरते. चौपट ताणला की ती निम्मी होते. दोन फुटांवरून दोन ठिपके वेगळे दिसायला त्यांच्यात साधारण 0.17 मिलिमीटर अंतर लागते. पण एकाकी रेषेला हा नियम लागू नाही. उजळ आकाशासमोरची बारीकशी तारही डोळा पकडतो, कारण तिथे जाडीपेक्षा रेषा आणि पार्श्वभूमी यांच्या उजेडातला फरक मोजला जातो. म्हणून धागा लपवण्याचे खरे काम प्रकाश आणि पार्श्वभूमी करतात. मागे खिडकी असेल तर तो काळी रेघ होऊन उमटतो. गडद कपड्यासमोर बाजूने ऊन पडले तर चमकतो. मध्यम रंगाचा चौकड्यांचा शर्ट आणि समोरून येणारा पसरट उजेड असेल तर तो हरवतो. उरलेले काम जादूगाराची नजर करते: तो ज्या वस्तूकडे पाहतो, तिकडेच प्रेक्षक पाहतात.

हे तंत्र शिकण्याची वाट पूर्वी गुरूच्या घरातून जात असे. महाराष्ट्रात पुण्याचे जादूगार रघुवीर, त्यांचे पुत्र विजय आणि नातू जितेंद्र अशी परंपरा घरातच चालली. आता मोबाइलवरचे व्हिडिओ ही जागा घेत आहेत. त्यांचा फायदा उघड आहे: वेग निम्म्यावर आणता येतो, बोटांचा एकच झटका पुन्हा पुन्हा पाहता येतो. बऱ्याच व्हिडिओंत मात्र हातांपेक्षा प्रेक्षकांच्या ‘वा!’लाच जास्त वेळ दिलेला असतो. शिकणाऱ्याने तो भाग वगळावा हे उत्तम.

मोठी अडचण वेगळीच आहे. साठ सेंटिमीटर रुंदीचे दृश्य 1920 पिक्सेलमध्ये टिपले, तर एका पिक्सेलच्या वाट्याला 0.3 मिलिमीटर येतात. ताणलेला धागा त्याच्या दहाव्या हिश्शाहूनही बारीक. उरलासुरला फिकट माग व्हिडिओची फाइल लहान करताना पुसला जातो. म्हणजे पडद्यावर धागा अदृश्य असण्यात जादूगाराचे कसब किती आणि कॅमेऱ्याचे दुबळेपण किती, हे कळायला मार्ग नाही. स्वतःचा सराव मोबाइलवर टिपून खूश होणारा शिकाऊही असाच फसतो. हातांची रचना व्हिडिओवरून शिकावी. प्रकाशाची पारख मात्र समोर बसलेल्या माणसाकडूनच करून घ्यावी. सेल्फी कॅमेऱ्यात डावे-उजवे उलटे दिसू शकते, हेही ध्यानात ठेवावे.

सरावाचा क्रम साधा आहे. आधी काळ्या कापडावर धागा नुसता हाताळायचा, कारण न दिसणारी वस्तू तोडणे फार सोपे असते. मग काडी सरकवणे, नंतर पत्ते, शेवटी नोट तरंगवणे. नागपुरात उन्हाळ्यात पारा 45 अंशांपर्यंत जातो, तेव्हा मेण फार मऊ पडते आणि नीट चिकटत नाही. कूलरचा झोत आणि छताचा पंखा तर नोट भिरकावूनच देतात. त्यामुळे सराव पहाटे, पंखा बंद करून. घाम, तेलकट हात आणि ऊन यांनी हा तंतू लवकर कमकुवत होतो, म्हणून वेटोळी बंद पाकिटात अंधारात ठेवतात.

अदृश्य धाग्याचा दुसरा उपयोग, म्हणजे लोकांना फसवणे, हाही जुना आहे. अमेरिकेतील ओमाहा शहरात सावकारी करणारे हौशी जादूगार डेव्हिड ॲबट यांनी धाग्यावर तरंगणारा चेंडू घरच्या बैठकीत दाखवला. पुढे ओकितो या डच जादूगाराने तो रंगमंचावर गाजवला. याच ॲबट यांनी 1907 मध्ये पुस्तक लिहून आत्मे बोलावणाऱ्या भोंदूंच्या युक्त्या उघड केल्या. विदर्भात वस्तू आपोआप हलली की भानामतीचे नाव निघते, आणि अशा दाव्यांची उलटतपासणी करणारी अखिल भारतीय अंधश्रद्धा निर्मूलन समिती श्याम मानव यांनी 1982 मध्ये नागपुरातच स्थापली. चळवळीचे कार्यकर्ते चमत्कार करून दाखवतात आणि मग युक्ती सांगतात. महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत तथाकथित चमत्कार दाखवून पैसे मिळवणे आणि लोकांना फसवणे, घाबरवणे यांचा समावेश आहे. हातचलाखी म्हणून नोट तरंगवणारा जादूगार त्या कक्षेबाहेर राहतो. तीच नोट दैवी शक्तीने तरंगते असे सांगून दक्षिणा घेणारा त्यात सापडतो, धागा दोघांकडे एकाच जातीचा असला तरी.