बंदीतला स्विंग

१९३५च्या ऑक्टोबरमध्ये जर्मन रेडिओवर जॅझला बंदी आली. हे संगीत कृष्णवर्णीयांचं आणि ज्यूंचं, म्हणून नाझींना ते नको होतं. पण पाचच वर्षांनी गोबेल्सच्या प्रचार मंत्रालयाने बर्लिनमध्ये स्वतःचाच स्विंग बँड उभा केला: 'चार्ली अँड हिज ऑर्केस्ट्रा'.

बँड चालवी सॅक्सोफोनवादक लुट्झ टेम्पलिन. 'चार्ली' म्हणजे गायक कार्ल श्वेडलर. त्या काळच्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मावत. एखादा ट्रम्पेट चुकला, की सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून वाजवायचं. सुरुवात अमेरिकेतल्या गाजलेल्या गाण्याची, इंग्रजीतच. पुढच्या कडव्यांत मात्र चर्चिल, रूझवेल्ट आणि ज्यूंची टिंगल. हे सारं लघुलहरींवरून शत्रूच्या मुलखात ऐकवायचं. जर्मन श्रोत्यांसाठी ते नव्हतंच.

वादक कसलेले होते. जर्मनांबरोबर इटालियन, बेल्जियन आणि डचही होते. बँडमध्ये असेपर्यंत जर्मन वादकांचं आघाडीवर जाणं टळे. १९४३मध्ये बॉम्बहल्ले वाढल्यावर बँड श्टुटगार्टला हलवला.

"मग ती माणसं वाईट होती का गं, आई?" लेकीने विचारलं. वर्गात असते तर फळ्यावर चांगले-वाईट असे दोन रकाने आखले असते. इथे ते जमेना. त्या तबकड्या ऐकताना पाय आपोआप ठेका धरतो. शब्द कळले, की थांबतो. तिला एवढंच सांगितलं, सूर गोड लागला तरी शब्दही नीट ऐकावेत.