मुंबईच्या आसपासचें पक्षिदर्शन

संस्कृत शिकविण्यांत आमचीं तीस वर्षें गेलीं. एकदां चातकाची अन्योक्ति शिकवीत असतां एका विद्यार्थ्यानें विचारलें, "सर, हा चातक दिसतो कसा?" "परीक्षेंत तें विचारीत नाहींत," असें म्हणून आम्हीं त्यास खालीं बसविलें. खरी गोष्ट अशी कीं, तें आम्हांसहि ठाऊक नव्हतें. हें शल्य निवृत्तीनंतरहि मनांत राहिलें. पुढें नातीनें दुर्बीण आणली आणि तिचें बोट धरून आमच्या पक्षिदर्शनास आरंभ झाला.

मुंबईंत पक्षी ते कसले, कावळे आणि कबुतरें, असा आमचा समज होता. तो शिवडीच्या पहिल्याच फेरींत दूर झाला. हिवाळ्यापासून मे महिन्यापर्यंत खाडीच्या चिखलावर रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, उतरतात. ऐन ओहोटींत ते फार दूर जातात, ऐन भरतींत चिखलच बुडतो. म्हणून मधली वेळ साधावी. कोकणांतील जुना हिशेब असा कीं, तिथीची पाऊणपट करावी. सुमारें तितक्या वाजतां भरती पूर्ण होते. अष्टमीस सहा वाजतां भरती, म्हणजे तीनएक तास अलीकडे किंवा पलीकडे निघावें. आमच्या घरांतील पंचांगाचा असा उपयोग प्रथमच झाला!

हा पक्षी मान खालीं घालून, चोंच उलटी धरून पाणी गाळतो व त्यांतील सूक्ष्म शेवाळ आणि बारीक जीव खातो. गुलाबी रंग त्यास जन्मतः नसतो. पिलें करडीं असतात, आणि अन्नांतील रंगद्रव्यामुळें तो रंग पुढें चढतो. ठाण्याच्या खाडीचा भाग २०१५ सालीं फ्लेमिंगो अभयारण्य झाला, व २०२२ सालीं त्यास रामसर स्थळाचा मान मिळाला. ज्यांस पायपीट सोसत नाहीं, त्यांनीं ऐरोली येथील वन विभागाच्या केंद्रांतून नौकेनें जावें.

दुसरी सहल कर्नाळ्याची. पनवेलच्या पुढें, गोव्याच्या रस्त्यावर, किल्ल्याच्या सुळक्याखालीं हें अरण्य आहे. १९६८ सालीं तें पक्षी अभयारण्य झालें. विस्तार सुमारें बारा चौरस किलोमीटर. येथें भृंगराज शेपटीचीं दोन लांब पिसें मिरवीत उडतो, आणि शीळकरी कस्तूर एखाद्या उनाड मुलाप्रमाणें शीळ घालतो. वर्गांत शीळ घालणाऱ्या मुलांस आम्हीं छड्या दिल्या. ही शीळ ऐकण्यास मात्र तासभर उभे राहिलों.

जूनच्या पहिल्या आठवड्यांत तेथून परततांना एका माळाशीं नात एकदम थबकली. "आजोबा, बाभळीच्या शेंड्यावर बघा!" अंग वरून काळें, पोट पांढरें, डोक्यावर तुरा, साळुंकीहून मोठा, पण सडपातळ. उडाला तेव्हां पंखावरील पांढरा पट्टा चमकला. तोच चातक! आमचा कंठ दाटून आला, हें सांगण्यांत संकोच नाहीं.

तो केवळ मेघांतील थेंबांवर जगतो, हें कविकल्पनेंतलेंच. प्रत्यक्षांत तो सुरवंट खातो, आणि आपलीं अंडीं सातभाईंच्या घरट्यांत घालतो. तथापि कवींचें निरीक्षण सर्वस्वीं खोटें नव्हे. आफ्रिकेंतून मोसमी वाऱ्यांच्या सोबतीनें चातक येतो, आणि त्याच्या मागोमाग पाऊस येतो.

अशा सहलीस खर्च थोडा. मळकट रंगाचे कपडे, दुर्बीण, पाण्याची बाटली व दशम्या एवढें पुरे. पहांटे निघावें, हलक्या आवाजांत बोलावें, घरट्याजवळ जाऊं नये. मुलांच्या हातीं वही द्यावी. पाहिलेल्या पक्ष्याचा रंग, चोंच, जागा व वेळ त्यांनीं स्वतः लिहावी. डॉ. सालिम अली यांनाहि बालपणीं गळ्यावर पिवळा ठिपका असलेल्या एका चिमणीच्या कुतूहलानेंच या शास्त्राकडे नेलें. त्यांचा प्रश्न मुंबईच्या निसर्ग-इतिहास संस्थेंत कोणीं उडवून लावला नाहीं. तेथील सचिव मिलर्ड यांनीं तो आस्थेनें ऐकून घेतला.

आमचा तो विद्यार्थी आतां पन्नाशीकडे झुकला असेल. हा अंक त्याच्या घरीं जात असल्यास त्यानें एवढें वाचावें: बाळ, प्रश्न तुझा बरोबर होता. चातक काळा-पांढरा असतो, त्यास तुरा असतो. उत्तरास फार उशीर झाला. तुझ्या मुलांना घेऊन येत्या जूनमध्यें तूं स्वतः पाहून ये.