एकच ईसा, दोन शेवट

सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपुरात आदिलशाही सरदार रणदुल्लाखानाची कबर आहे. तो मुहम्मद आदिलशहाच्या (१६२७–५६) पदरी होता. त्याच सुमारास शेजारच्या गोव्यात एक मराठी ग्रंथ पुन्हा पुन्हा छापला जात होता: थॉमस स्टीफन्स या इंग्रज पाद्र्याचं ‘ख्रिस्तपुराण’. पहिली आवृत्ती १६१६ची, पुढच्या १६४९ आणि १६५४च्या. येशूची कथा, तीही जवळपास अकरा हजार ओव्यांत! आणि या कथेचा नायक रहिमतपूरच्या मशिदीलाही परका नाही. कुराणात तो हजरत ईसा म्हणून येतो.

तोही केवढ्या मानाने! एकोणिसावा सूरा मरियमच्याच नावाचा. साऱ्या कुराणात नावानिशी आलेली स्त्री ती एकटीच. कुमारिकेच्या पोटी ईसा जन्मला हे दोन्ही धर्मांना मान्य. तो मसीहा आहे, त्याने आंधळ्यांना दृष्टी दिली, मेलेल्यांना उठवलं, हेही मान्य. उलट पाळण्यातलं बाळ बोलू लागतं, मातीचा पक्षी त्याच्या फुंकरीने जिवंत होतो, हे चमत्कार कुराणात आहेत. बायबलच्या चारही शुभवर्तमानांत नाहीत.

मग अडतं कुठे? मुसलमानांच्या लेखी ईसा पैगंबर आहे, पुत्र नव्हे. अल्ला कुणाला जन्म देत नाही. ख्रिस्ती मात्र ईसाला देवाचा पुत्र मानतात. ३२५ साली निकायाच्या धर्मसभेने त्यावर शिक्कामोर्तब केलं. पण खरा पेच क्रुसाचा. चौथा सूरा सांगतो, त्याला मारलं नाही, क्रुसावर चढवलं नाही, लोकांना तसं भासलं. अल्लाने त्याला आपल्याकडे उचलून घेतलं. आणि ख्रिस्ती श्रद्धा तर त्या क्रुसावरच उभी!

मला यातली खोच विलक्षण वाटते. एवढ्या लाडक्या पैगंबराची अशी विटंबना अल्ला होऊच कशी देईल, असं मुसलमान म्हणतो. देवाने ती आपणहून सोसली, हेच तर त्याचं प्रेम, असं ख्रिस्ती म्हणतो. दोघांचीही भक्तीच बोलते आहे. पुरावे मांडून हा वाद मिटायचा नाही. स्टीफन्स गोव्यात उतरला त्याच वर्षी, १५७९मध्ये, तिथून जेझुइट पाद्री अकबराकडे निघाले. फत्तेपूर सिक्रीत मौलवींशी त्यांचे कडाक्याचे वाद झाले. बादशहा रस घेऊन ऐकत राहिला. पटलं कुणालाच नाही.

ईसा परत येणार, यावर मात्र दोघांचं एकमत आहे. तो जिथे उतरेल असं मुसलमान मानतात, त्या दमास्कसच्या उमय्यद मशिदीच्या एका मिनाराला त्याचंच नाव आहे. ६ मे २००१ रोजी पोप जॉन पॉल दुसरे त्या मशिदीत गेले. मशिदीत पाऊल ठेवणारे ते पहिले पोप.