मुंबई महानगर प्रदेशातील आंतरराष्ट्रीय विमानवाहतूक

मुंबई महानगर प्रदेशातील आंतरराष्ट्रीय विमानवाहतूक ही विमान कंपन्यांची मालकी, त्यांच्यातील स्पर्धा आणि देशादेशांमधील हवाई करार या तीन गोष्टींनी घडलेली आहे. १९३२ पासूनच्या या इतिहासात मुंबई बहुतेक काळ भारताचे प्रमुख आंतरराष्ट्रीय प्रवेशद्वार होती. पालघर जिल्ह्यातील वाढवण (ता. डहाणू) येथील बंदराच्या परिसरात तिसरा विमानतळ उभारण्याचा मनोदय महाराष्ट्र शासनाने व्यक्त केल्यापासून डहाणू आणि तलासरी तालुक्यांतही हा विषय जिव्हाळ्याचा झाला आहे.

हवाई अधिकार आणि मालकी

परदेशी जाणारे विमान कंपनीच्या केवळ इच्छेने उडत नाही. १९४४ च्या शिकागो परिषदेने प्रत्येक राष्ट्राची आपल्या आकाशावरील सत्ता मान्य केली. त्यामुळे कोणत्या शहरांतून, आठवड्याला किती फेऱ्या किंवा किती आसने न्यावयाची हे दोन देशांच्या सरकारांमधील द्विपक्षीय करारांनी ठरते. करारातील अधिकार देशाला मिळतात आणि तो देश ते आपल्या कंपन्यांना वाटून देतो. म्हणूनच ‘आपली कंपनी’ कोणती, हा प्रश्न येथे केवळ अभिमानाचा राहत नाही. कंपनीची भरीव मालकी व प्रभावी नियंत्रण त्या देशाच्या नागरिकांकडे असावे, अशी अट बहुतेक करारांत असते. मालकी परकीयांच्या हाती गेल्यास समोरचा देश उतरण्याची परवानगी नाकारू शकतो. परदेशी विमान कंपनीला भारतीय विमान कंपनीत ४९ टक्क्यांहून अधिक भाग घेता येत नाही, त्यामागे हेही एक कारण आहे.

टपालाच्या विमानापासून राष्ट्रीयीकरणापर्यंत

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी पुस मॉथ जातीचे छोटे विमान कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईत जुहू येथे आणले. विमानात प्रवासी नव्हते, टपालाच्या थैल्या होत्या. पुढील बल्लारी व मद्रासपर्यंतचा टप्पा नेव्हिल व्हिन्सेंट यांनी पूर्ण केला. या सेवेतून टाटा एअरलाइन्स व १९४६ मध्ये एअर इंडिया ही सार्वजनिक कंपनी आकाराला आली. १९४८ मध्ये परदेशी मार्गांसाठी एअर इंडिया इंटरनॅशनल स्थापन झाली. तिच्यात सरकारचा वाटा ४९ टक्के होता, आणि आणखी २ टक्के घेऊन बहुमत मिळवण्याचा हक्क सरकारने राखून ठेवला होता. ८ जून १९४८ रोजी ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान मुंबईहून कैरो व जिनिव्हामार्गे लंडनला निघाले.

१९५३ मध्ये विमान कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण होऊन परदेशी मार्ग एका महामंडळाकडे व देशांतर्गत मार्ग इंडियन एअरलाइन्सकडे गेले. स्पर्धा कायद्यानेच संपली, परंतु मार्गांचा विस्तार थांबला नाही. १९५६ मध्ये सिडनीची सेवा सुरू झाली आणि १९६० मध्ये बोइंग ७०७ विमाने न्यूयॉर्कला जाऊ लागली. टाटा १९७८ पर्यंत अध्यक्षपदी होते. त्या काळातील एअर इंडियाच्या लौकिकाचे श्रेय पुष्कळदा एका व्यक्तीच्या दृष्टीला दिले जाते. ते अयोग्य नाही, मात्र भारताच्या वाट्याचे बहुतेक हवाई अधिकार एकाच कंपनीला मिळत होते, हेही विसरता येत नाही.

जेट एअरवेज आणि आखाताचा मार्ग

मालकी आणि मार्ग यांचा संबंध समजून घेण्यासाठी जेट एअरवेजइतके बोलके उदाहरण दुसरे नाही. मुंबईत मुख्यालय असलेल्या या कंपनीची पहिली फेरी ५ मे १९९३ रोजी झाली. १९९७ च्या धोरणाने परदेशी विमान कंपन्यांना भारतीय कंपनीत भाग घेण्यास मज्जाव केला. टाटा व सिंगापूर एअरलाइन्स यांची संयुक्त कंपनी त्यामुळे तेव्हा अस्तित्वात येऊ शकली नाही. २००४ मध्ये खासगी कंपन्यांना परदेशी उड्डाणांची दारे उघडली, पण पाच वर्षांचा देशांतर्गत अनुभव आणि २० विमाने ही अट घालून. नवख्या कंपन्यांना ही अट जाचक होती आणि जेटला ती सोयीची होती. २०१६ मध्ये अनुभवाची अट वगळण्यात आली.

जेटने २००७ मध्ये ब्रसेल्स हे युरोपातील केंद्र केले. भारतातील विविध शहरांतून आलेली विमाने तेथे एकत्र येत आणि प्रवासी उत्तर अमेरिकेच्या विमानांत बदलत. त्याच वर्षी एअर सहारा विकत घेतल्याने कंपनीवरील भार वाढला. सप्टेंबर २०१२ मध्ये केंद्र सरकारने परदेशी विमान कंपन्यांना ४९ टक्क्यांपर्यंत गुंतवणुकीची मुभा दिली आणि २०१३ मध्ये अबू धाबीच्या एतिहादने जेटमध्ये २४ टक्के भाग घेतला. त्याच सुमारास भारत व अबू धाबी यांच्यातील आसनांची मर्यादा आठवड्याला सुमारे १३ हजारांवरून ५० हजारांच्या आसपास नेण्यात आली. लंडनच्या हीथ्रो विमानतळावरील जेटच्या उड्डाणवेळांच्या तीन जोड्याही ७ कोटी डॉलरना एतिहादला विकल्या गेल्या. हीथ्रोवर अशा वेळा सहजासहजी मिळत नाहीत. विमान भाड्याने घेता येते, सकाळी उतरण्याची वेळ मिळवणे त्याहून अवघड असते.

पुढे जेटचे पश्चिमेकडे जाणारे बरेच प्रवासी अबू धाबीत विमान बदलू लागले. मुंबईपासून सुमारे तीन तासांवर असलेल्या आखाती विमानतळांचे बळ भूगोलात आहे. भारत आणि युरोप-अमेरिकेच्या मध्ये ते बसलेले आहेत, आणि भारतातील अनेक शहरांतून थोडे थोडे प्रवासी गोळा करून एकाच मोठ्या विमानात भरणे त्यांना परवडते. मुंबईहून थेट उडणाऱ्या विमानाला मात्र मुख्यतः मुंबईच्या प्रवाशांवर भरवसा ठेवावा लागतो. दुबईशी झालेल्या करारातील आसनांची मर्यादा आणखी वाढवावी, ही मागणी भारतीय कंपन्यांना रुचत नाही ती याच कारणाने. प्रवाशाच्या दृष्टीने पाहिले तर स्वस्त तिकीट व अधिक फेऱ्या या गोष्टीही नाकारण्यासारख्या नाहीत.

कर्जबाजारी झालेल्या जेटची उड्डाणे १७ एप्रिल २०१९ रोजी थांबली. हजारो कर्मचाऱ्यांची देणी अडकली. मुंबई विमानतळावरील तिच्या उड्डाणवेळा इंडिगो, स्पाइसजेट, विस्तारा आदी कंपन्यांना वाटण्यात आल्या, त्यामुळे नंतर कंपनी पुन्हा उभी करण्याच्या प्रयत्नांना आधारच उरला नाही. ७ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तिच्या मालमत्तेची विक्री करून कंपनी गुंडाळण्याचा आदेश दिला.

ऑस्ट्रेलियाशी तुलना

ऑस्ट्रेलियात देशांतर्गत उड्डाणे करणारी कंपनी पूर्णपणे परकीय मालकीची असू शकते, आंतरराष्ट्रीय कंपनी नाही. क्वांटासमधील परकीय भाग १९९२ च्या कायद्याने ४९ टक्क्यांवर रोखला आहे. व्हर्जिन ऑस्ट्रेलियाने २०१२ मध्ये आपला आंतरराष्ट्रीय व्यवसाय कागदोपत्री वेगळा करून या अटीतून वाट काढली. एतिहाद तिचीही भागधारक होती. एप्रिल २०२० मध्ये तीही दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली, मात्र तिला बेन कॅपिटल हा नवा मालक मिळाला आणि ती उडत राहिली.

एअर इंडियाची पुनर्विक्री

ऑक्टोबर २०२१ मध्ये टाटा समूहाची १८,००० कोटी रुपयांची बोली स्वीकारली गेली. त्यापैकी २,७०० कोटी रोख व उरलेली रक्कम कर्जाच्या रूपात होती. २७ जानेवारी २०२२ रोजी कंपनी हस्तांतरित झाली. १२ नोव्हेंबर २०२४ रोजी विस्तारा तिच्यात विलीन झाली आणि सिंगापूर एअरलाइन्सकडे एअर इंडियाचा २५.१ टक्के भाग आला. परिणामी देशांतर्गत बाजारपेठ मुख्यतः इंडिगो आणि एअर इंडिया समूह या दोघांत विभागली गेली.

विमानतळांची क्षमता

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळाच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून त्या एकाच वेळी वापरता येत नाहीत. वर्षाला पाच कोटींहून अधिक प्रवासी अशा रीतीने हाताळले जातात. तेथे नव्या कंपनीला सोयीची वेळ मिळणे कठीण असल्याने स्पर्धेवर आपोआप मर्यादा येते. नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले. दोन्ही विमानतळांत अदानी समूहाचा वाटा ७४ टक्के आहे. उरलेला वाटा मुंबईत भारतीय विमानतळ प्राधिकरणाकडे व नवी मुंबईत सिडकोकडे आहे. एकाच शहरात दोन विमानतळ असूनही त्यांचा चालक एकच असल्यामुळे विमानतळांमध्ये आपसांत खरी स्पर्धा होईल असे मानता येत नाही.

डहाणू व तलासरी

वाढवण बंदरास केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२४ मध्ये मंजुरी दिली. खर्चाचा अंदाज ७६,२२० कोटी रुपये असून जवाहरलाल नेहरू बंदर प्राधिकरण ७४ टक्के व महाराष्ट्र सागरी मंडळ २६ टक्के अशी भागीदारी आहे. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे पायाभरणी झाली. विमानतळाचा प्रस्ताव या बंदराला जोडून आला असून समुद्रात भराव घालून जागा निर्माण करण्याचा विचारही पुढे आला आहे.

येथे उत्पादन आहे, पण त्याचे स्वरूप लक्षात घ्यावे लागते. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. हे फळ झाडावरून उतरवल्यावर थोड्याच दिवसांत पिकून मऊ पडते. अशा मालाला लांबच्या बाजारात विमानानेच जावे लागते, आणि त्यातला बराचसा माल प्रवासी विमानांच्या पोटातून जातो. म्हणजे माल कोठे जाईल, हे प्रवाशांची विमाने कोठे जातात यावर ठरते. नुसती धावपट्टी बांधल्याने दुबई किंवा लंडनची फेरी सुरू होत नाही. त्यासाठी करारात शिल्लक अधिकार आणि तेथे विमाने ठेवण्यास राजी असलेली कंपनी, दोन्ही हवीत.

दुसरी बाजू किनाऱ्यावरील गावांची आहे. २० जून १९९१ च्या केंद्रीय अधिसूचनेने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरवला गेला. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार १९९६ मध्ये डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण नेमले गेले. या प्राधिकरणाने ३१ जुलै २०२३ रोजी बंदराला सशर्त संमती दिली, परंतु मच्छीमारांचा विरोध मावळला नाही. बंदराच्या भरावाने मासेमारीचे क्षेत्र घटेल अशी त्यांची भीती आहे, आणि विमानतळासाठी आणखी भराव पडल्यास ती वाढणार हे उघड आहे. मुंबई-अहमदाबाद महामार्गावरील तलासरीत प्रश्न मुख्यतः रस्ते, गोदामे आणि वसाहतींसाठी लागणाऱ्या जमिनीचा आहे. डहाणू व तलासरी हे दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात असून तेथे पेसा कायदा लागू आहे, त्यामुळे भूसंपादनापूर्वी ग्रामसभा किंवा योग्य स्तरावरील पंचायतीशी विचारविनिमय करणे बंधनकारक आहे.