मेंढ्याचा अभ्यासगट आणि हिंगोलीची आंध वस्ती

हिंगोली जिल्ह्याच्या कळमनुरी आणि औंढा नागनाथ तालुक्यांतील डोंगराळ भागात आंध ही अनुसूचित जमात राहते. मराठी हीच मातृभाषा असलेल्या आणि वरताळी व खालताळी अशा दोन शाखा मानणाऱ्या या शेतकरी समाजाचे जमीन, गवत आणि पाणी यांविषयीचे ज्ञान बव्हंशी तोंडी राहिले आहे. ज्ञान तोंडी असते म्हणून लोप पावते, असे सहसा समजले जाते. वास्तविक ते बोलण्याची बैठक मोडली की लोप पावते, आणि याचा उत्तम पुरावा गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या सुमारे शंभर घरांच्या गोंड गावाने दिला आहे.

इंचमपल्ली व भोपालपट्टणम या प्रस्तावित धरणांविरुद्धच्या आंदोलनानंतर, 1980 च्या दशकात, देवाजी तोफा यांच्यासारखे ग्रामस्थ आणि ‘वृक्षमित्र’ संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल यांच्या सहवासातून या गावात अभ्यासगट ही संस्था रूढ झाली. अभ्यासगट म्हणजे एखादा प्रश्न समजून घेण्यासाठी ग्रामस्थांनी, गरज पडल्यास बाहेरच्या जाणकारांसह, केलेली चर्चा. तिला निर्णयाचा अधिकार नसतो. निर्णय ग्रामसभा घेते, तोही सर्वसहमतीने, म्हणजे बहुमताने न घेता सर्वांचे समाधान होईपर्यंत विषय खुला ठेवून. तज्ज्ञाने मोकळेपणाने बोलावे, पण गावाच्या वतीने ठरवू नये, ही या विभागणीतील खरी खुबी होय. सरकारी प्रशिक्षण शिबिरांत नेमके याच्या उलट घडते.

मधाचे उदाहरण यादृष्टीने बोलके आहे. पोळे जाळून मध काढण्याच्या रीतीत माशा मरत आणि पुढचे उत्पन्नही बुडे. माशांच्या सवयींविषयी लोकांना जे ठाऊक होते ते अभ्यासगटात अभ्यासकांच्या माहितीशी ताडून पाहिले गेले आणि पोळ्याचा मधाचा भाग तेवढा कापून अंडी-अळ्यांचा भाग राखण्याची रीत पुढे आली. फळांसाठी झाड तोडायचे नाही, जंगलाला आग लावायची नाही, लागल्यास ती विझवायची, हे नियमही गावानेच स्वतःवर घातले.

याउलट उत्तर ऑस्ट्रेलियातील अर्नहेम लँडचे मूळ रहिवासी कोरड्या ऋतूच्या प्रारंभी मुद्दाम लहान लहान आगी लावतात, कारण त्यामुळे वाळलेले गवत थोडेथोडे जळून पुढील मोठे वणवे टळतात. भूमीची निगा राखण्याचा नियम अशा रीतीने एका मुलखातून दुसऱ्या मुलखात नेता येत नाही. नेता येते ती नियम ठरविण्याची पद्धत.

2009 मध्ये मेंढ्याला सुमारे 1800 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला, तरी बांबूच्या वाहतुकीचे परवाने ग्रामसभेच्या हाती येण्यास 27 एप्रिल 2011 उजाडावे लागले. त्या दिवशी तत्कालीन केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी परवानापुस्तिका गावाच्या स्वाधीन केली. ही वाटचाल मिलिंद बोकील यांच्या ‘गोष्ट मेंढा गावाची’ या पुस्तकात सविस्तर वाचावयास मिळते.

हिंगोलीशी तुलना करताना सावधगिरी हवी. मेंढा लहान आणि जवळजवळ एकजिनसी गाव आहे, तर हिंगोलीत आंध, बंजारा व इतर समाज एकमेकांच्या शेजारी नांदतात, जंगल विरळ आहे आणि चराईचे वाद अधिक संभवतात. तेथे सर्वसहमतीला वेळ लागेल. शिवाय शेजारच्या नांदेडमधील किनवट भाग अनुसूचित क्षेत्रात मोडतो, तशी हिंगोली मोडत नाही, त्यामुळे आदिवासी ग्रामसभांना विशेष अधिकार देणारा 1996 चा पेसा कायदा तेथे लागू नाही. वनहक्क कायदा, 2006 मात्र लागू आहे. त्याचे कलम 5 जंगल, जैवविविधता आणि पाण्याचे स्रोत राखण्याचा अधिकार ग्रामसभेला देते, आणि त्याच कायद्याच्या व्याख्येनुसार ग्रामसभा म्हणजे गावातील सर्व प्रौढांची, स्त्रियांच्या पूर्ण व अनिर्बंध सहभागासह भरणारी सभा होय.